मासे मरत नाहीत, ही तक्रार

"स्नेहल, तुझे मासे मरत का नाहीत गो?"

फोनवर परब काका होते. मी पवईतल्या एका ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये टाकीत कोपरापर्यंत हात घालून काच घासत होते. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे हा प्रश्न माझ्याबरोबर रिसेप्शनवरच्या मुलीनेही ऐकला. मला वाटलं, काका कौतुक करताहेत.

"काळजी घेतली की नाही मरत, काका," मी म्हटलं.

"हसू नको. मी कम्प्लेंट करतोय."

"कसली कम्प्लेंट?"

"हीच. एवढे दिवस झाले, पाचच्या पाच जिवंत. हे काय बरोबर नाय."

आणि त्यांनी फोन ठेवला. मी ओला हात तसाच हवेत धरून उभी राहिले. पाणी फरशीवर टपकत होतं, तेही मला त्या रिसेप्शनिस्टनेच सांगितलं.

मी फिश टँक लावून देते आणि नंतर त्यांचा मेन्टेनन्स बघते. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, पवई, घाटकोपर हा माझा पट्टा. या धंद्यात बायका कमी, त्यामुळे नव्या सोसायटीत गेले की वॉचमन विचारतो, "मासेवाली का? मग पाटी कुठेय?" आम्ही मूळचे मालवणकडचे. घरात मासा म्हणजे तव्यावरचा. आई अजून म्हणते, "सगळं गाव मासे मारून जेवलं, तू एकटी मासे जगवून जेवतेस." सांगायचा मुद्दा असा की इतक्या वर्षांत मी सगळ्या तक्रारी ऐकल्यात. पाणी हिरवं झालं. वास येतो. मोटर आवाज करते. मासा मेला. मासा मरत नाही, ही तक्रार आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

काकांच्या घरी मला त्यांच्या मुलीने बोलावलं होतं. मेधा तिचं नाव. मुलुंड पूर्वेला एका शाळेत सायन्स शिकवते. आई गेल्यापासून ती आणि वडील असे दोघंच घरात. काका रेल्वेतून टीसी म्हणून रिटायर झालेले. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा आणि समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायची सवय. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाचच पर्स चाचपली.

"बाबांना हार्टचा प्रॉब्लेम आहे," मेधाने दारातच हळू आवाजात सांगितलं. "फिश टँकचा हट्ट त्यांचाच आहे. म्हटलं असू दे, मन रमेल."

टाकी ईशान्य कोपऱ्यात हवी होती. वास्तूचा नियम. आता मुलुंडच्या वन बीएचकेत ईशान्य कोपरा काही कोणासाठी मोकळा ठेवलेला नसतो. तिथे एका बाजूला देव्हारा होता, दुसऱ्या बाजूला फ्रीज. मधे जेमतेम दीड फूट. म्हणजे टाकीही तेवढीच, आमच्या भाषेत अगदीच पिल्लू टाकी.

"यात एक गोल्डफिश सोड," काका म्हणाले. "मोठा. लालभडक."

"नाही बसणार काका."

गोल्डफिश लहान असतो तो दुकानात. घरी आला की वाढतो, आणि दिवसभर खातो तेवढीच दिवसभर घाण करतो. एवढ्याशा पाण्यात गोल्डफिश ठेवणं म्हणजे बाथरूममध्ये म्हैस बांधणं. मी गिऱ्हाइकाला हे असंच सांगते. धंद्याला वाईट आहे, पण रात्री झोप चांगली लागते.

छोट्या टाकीत खरं तर तळाशी राहणारे मासे बरे. त्यांना आम्ही बॉटम ड्वेलर म्हणतो. वरच्या पाण्यात सुसाट पळणारे मासे छोट्या टाकीत सारखे काचेला धडकतात. तळवाल्यांना पळापळीचा शौक नसतो. पण त्यातही दुकानदार हमखास सकर गळ्यात मारतो, तो काच चाटणारा काळा मासा. 'टाकी साफ ठेवतो' म्हणून देतात. येताना बोटाएवढा असतो आणि मग फूटभर होतो. तेव्हा त्याला ठेवायला घर बदलावं लागेल.

मी काकांना दोन फोटो दाखवले. एक पिग्मी कोरीचा. हा इंचभराचा मिशीवाला मासा, घोळक्याने तळ हुंगत फिरतो. दुसरा कुली लोचचा. बोटभर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक, पिवळसर अंगावर काळे पट्टे. दिसायला सापाचं पिल्लू. दोघेही लाजाळू. लोच तर इतका लाजाळू, की दिवसभर वाळूत नाहीतर दगडाखाली दडून बसतो.

"यातला नाजूक कोणता?" काकांनी विचारलं.

"कोरी. पाणी जरा बिघडलं की गेलाच."

"मग तोच दे."

मला भरून आलं. लोक दणकट मासा मागतात, आणि हा माणूस नाजूक मासा मागतोय. किती मायेने सांभाळायची तयारी असेल याची! मी त्यांना समजावलं, "काका, पहिल्याच टाकीत नाजूक नको. मेला तर तुम्हालाच वाईट वाटेल. लोच घ्या. लाजाळू असला तरी चिवट आहे, सहजासहजी नाही मरणार."

काकांचा चेहरा पडला. तो मला दिसला, पण अर्थ लागला नाही.

टाकी मी मन लावून केली. तळाला बारीक, मऊ वाळू घातली, कारण लोचला पोट घासत फिरायचं असतं. लपायला नारळाच्या दोन करवंट्या उकळून, घासून पालथ्या टाकल्या. झाकण घट्ट बसवलं. हा मासा करंगळी जाईल एवढ्या फटीतून बाहेर पडतो आणि सोफ्याखाली सुकून सापडतो. मागच्या काचेला छोटा फिल्टर टांगला. फिल्टर म्हणजे एक डबी. ती नळीने पाणी वर ओढते, स्पंजमधून गाळते आणि परत टाकीत सोडते. नळीच्या तोंडालाही मी एक स्पंज लावला, म्हणजे बारीक मासा आत ओढला जाणार नाही. मग टाकी नुसती चालू ठेवली. पाण्यात आणि स्पंजमध्ये घाण खाणारे चांगले जंतू तयार व्हायला वेळ लागतो. काका रोज फोन करायचे, "मासे कधी गो?"

शेवटी पाच लोच सोडले. पिशवीतून बाहेर आले, वाळूत शिरले आणि गायब.

"सायन्समध्ये याला रिकामी टाकी म्हणतात," मेधा हसून म्हणाली.

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी टॉर्च आणला, टाकीसमोर स्टूल ठेवलं आणि मोजायला बसले.

आणि आता हा फोन.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी मुलुंड गाठलं. दार मेधाने उघडलं. शाळेतून नुकतीच आली होती, खांद्याला पर्स तशीच. काका आतल्या खोलीत पडले होते. मी टाकीपाशी गेले आणि मला पहिला धक्का बसला. पाण्यावर तेलासारखा तवंग होता. फिल्टरची डबी उघडली तर कुजका वास आला. हा वास मी ओळखते. फिल्टर बराच वेळ बंद राहिला की स्पंजमधले जंतू मरतात, तेव्हा तो येतो. आणि एरवी तोंड न दाखवणारे माझे लोच एकामागोमाग सरळ वर येत होते, पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते आणि परत तळाशी जात होते. हा या माशाचा एक गुण आहे. पाण्यातला ऑक्सिजन संपला तर तो हवा गिळून आतड्यातून श्वास घेऊ शकतो. दुसरा कुठलाही मासा असता तर एव्हाना उलटा तरंगला असता.

"मॅडम, फिल्टर कोण बंद करतं?"

"लाइट जात असेल," मेधा म्हणाली.

"मुलुंडला? रोज?"

ती वळली. स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ओट्याला टेकून ती उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "मी करते बंद. सकाळी शाळेत जाताना. आले की चालू करते."

मी थक्क झाले. काकांचा संशय आला असता तरी एक वेळ चाललं असतं. ही बाई मुलांना श्वसन शिकवते! माझ्या तोंडचं 'मॅडम' गळून पडलं. "अगं, तू सायन्सची टीचर ना?"

"म्हणूनच तर माहीत होतं, काय बंद करायचं ते."

मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी तिथल्या पाटावरच बसले.

आपल्याकडे एक समजूत आहे. घरातला मासा मेला, की घरावर येणारं संकट त्याने अंगावर घेतलं. मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. मासा मेला की बरेचदा गिऱ्हाईकच मला धीर देतं, "वाईट वाटून घेऊ नका मॅडम, आमच्यावरचं गेलं." खरं तर तो मासा यांनी दिवसातून चारदा खायला घातल्याने गेलेला असतो. पण भांडण टळतं, म्हणून मी गप्प बसते. माझ्या धंद्यातली ही एक सोयच होती. तिची दुसरी बाजू मी कधी पाहिली नव्हती.

काकांच्या मोठ्या भावाचं घाटकोपरला ऑपरेशन झालं, त्या सकाळी त्यांच्या टाकीतला गोल्डफिश मेला. भाऊ ठणठणीत घरी आला. पुढे मेधाच्या आईला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. साधं दुखणं वाटलं होतं. ती परत आली नाही.

"तेव्हा आमच्याकडे मासे नव्हते," मेधा म्हणाली. "बाबांनी तेच धरून ठेवलंय. आता त्यांना बायपास सांगितलीय. डॉक्टर म्हणतात, एक दिवससुद्धा थांबू नका, चालता चालता काही होईल. मी दोनदा बेड बुक केला, बाबांनी दोनदा कॅन्सल करायला लावला. म्हणतात, आधी मासा जाऊ दे, मग मी जातो. आणि तू असले मासे दिलेस, की ते मरतच नाहीत!"

म्हणजे नाजूक मासा हवा होता तो यासाठी. मला माझ्याच भरून येण्याची लाज वाटली, आणि रागही आला.

"एकच मरू दे ना गं," ती म्हणाली. "माझे वडील आहेत ते. तुझ्याकडे एखादा आजारी मासा असेल. मरणारच असलेला. तो आणून सोड. मी कुठे बोलणार नाही."

"मी मासे मरायला देत नाही."

"खातेस ना?"

"खाते. भूक लागली म्हणून खाते. माझं संकट त्याच्या गळ्यात बांधून नाही मारत. आणि आजारी मासा चांगला म्हणून मी आजवर कोणाला दिलेला नाही, तुलाही देणार नाही. वडिलांशी बोल. डॉक्टरला घरी बोलाव. या मुक्या जिवांच्या मागे कशाला लागलीस?"

माझा आवाज चढला होता. मेधा रडायला लागली. मी टाकीचं अर्धं पाणी बदललं, स्पंज धुतला, फिल्टर चालू केला आणि बटणावर टेप चिकटवून टाकली. काका झोपलेत म्हणून त्यांना न भेटताच निघाले.

खाली येऊन स्कूटरवर बसले, पण किल्ली फिरवली नाही. माझं सगळं बरोबर होतं. तरी डोक्यात एकच, तो माणूस वर झोपलाय आणि कधीही जाऊ शकतो. मी दिलेले मासे फार चांगले निघाले म्हणून. असं कोणाच्या नशिबी येऊ नये.

मग काही दिवस शांतता. एका शनिवारी मेधाचा मेसेज आला. 'सोमवारचा बेड परत बुक केलाय. बाबा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. एक मासा दोन दिवस दिसला नाहीये. उद्या येशील?'

रविवारी मी गेले. काका टाकीसमोर स्टुलावर बसले होते, हातात टॉर्च. ते खूप थकलेले दिसले. दोन वाक्यं बोलून श्वास घ्यायला थांबत होते.

"चारच आहेत," ते म्हणाले. "करवंटीखाली बघितलं. वाळूत बघितलं. पाचवा नाय." बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. दुसऱ्याच्या मरणाची अशी आशा मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती. मेधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, नुसती माझ्याकडे बघत.

माझी टेप कोणीतरी काढलेली होती. नळीच्या तोंडाचा स्पंज निघून वाळूत पडला होता. ते बघितल्यावर मला अंदाज आला. बारीक लोचला अंधारी भोकं आवडतात. स्पंज नसेल आणि पंप थांबलेला असेल, तर तो नळीतून चढून थेट फिल्टरच्या डबीत जाऊन बसतो. मी काकांकडे पाठ करून डबीचं झाकण काढलं, आतला स्पंज उचलला आणि खालच्या गढूळ पाण्यात बोटं घातली.

तळहाताला काहीतरी वळवळलं. जिवंत. चांगला तरतरीत.

"काय गो?" मागून काकांचा आवाज आला. "तू या धंद्यातली. तूच सांग. मेला ना?"

मला आजही तो क्षण आठवतो. माझ्या मुठीत जिवंत मासा आणि मागे जगायला परवानगी मागणारा माणूस. मेधाने पदर तोंडाशी धरला होता.

"हो काका," मी म्हटलं. "मेला."

"बघू."

"नका बघू. फिल्टरमध्ये अडकून तुटलाय. बघण्यासारखा नाही."

मी कचरा टाकायची प्लास्टिकची पिशवी काढली, डबीतलं पाणी त्यात ओतलं, स्पंजाआडून मासा आत सोडला आणि पिशवी बॅगेत टाकली. घाईत मारलेली गाठ नीट बसली की नाही, हेही पाहिलं नाही. काका स्टुलावरून उठले. मला वाटलं, आता डोळ्यांत रोखून बघणार. त्यांनी बघितलंही, मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ. मग देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले.

"मेधा," ते म्हणाले, "बॅग भर."

बस. एवढंच. दोन वेळा कॅन्सल झालेली गोष्ट दोन शब्दांत झाली. मेधा तिथेच खाली बसली. मी बॅग छातीशी धरून लिफ्टपर्यंत कशी पोहोचले, मला माहीत नाही. लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात मी बघितलं नाही.

घरी आल्यावर मासा माझ्या टाकीत सोडला. आईने विचारलं, "हा कोणाचा?"

"परब काकांचा. मेलाय तो."

आई वाकून बघत राहिली. "मेलेला मासा असा पळतो होय?"

ऑपरेशनच्या दिवशी मी घाटकोपरला एका दवाखान्यातली टाकी साफ करत होते, पण लक्ष सगळं फोनकडे. आत काही वाकडं झालं असतं, तर लोकांनी डॉक्टरला जाब विचारला असता. मला कोणीच विचारलं नसतं. मीच मला विचारत बसले असते, जन्मभर. संध्याकाळी मेधाचा मेसेज आला. 'झालं. बाबा ठीक आहेत.' मी तिथेच वेटिंग रूमच्या बाकावर बसून रडले. एका पेशंटने मला पाणी आणून दिलं.

त्यानंतर मी मुलुंडकडे फिरकले नाही. टाकीचं काय ते मेधाला फोनवरून सांगायचे. काकांच्या डोळ्यांसमोर जायची हिंमत नव्हती. मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. आवाज बारीक होता, पण हुकूम तोच.

"टाकीची सर्विस राहिलीय. आज ये."

"येते काका."

"आणि येताना माझा पाचवा मासा घेऊन ये."

मी जिन्यात होते. कठडा धरला. तिकडून फोन केव्हाच बंद झाला होता.

मी गेले. बॅगेत डबा, डब्यात पाणी, पाण्यात मासा. काका सोफ्यावर बसले होते, छातीला पट्टा आणि पोटाशी उशी. बायपासवाल्यांना खोकताना उशी घट्ट धरायला सांगतात. मेधा माझ्या आधीच रडवेली होऊन उभी होती. काकांना सगळं ठाऊक आहे, हे तिलाही सकाळीच कळलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तेव्हाच. फिल्टरपासून दारापर्यंत पाण्याची धार लागली होती. मेलेल्या माशाला कोण पाण्यात घालून नेतो?" ते थांबले, श्वास घेतला. "आणि चेहरा. सगळी नोकरी विदाउट तिकीटवाल्यांचे चेहरे बघण्यात गेली माझी. तुझ्याइतका वाईट खोटं बोलणारा पॅसेंजर मला भेटला नाय."

"मग गेलात कसे?" हे मेधाने विचारलं. तिचा आवाज फाटला होता. "मासा तर मेला नव्हता!"

"ही त्या दुपारी तुला झाडत होती ना, तेव्हा मी झोपलो नव्हतो. आतून सगळं ऐकलं. तू फिल्टर बंद करतेस तेही. त्यानंतरही एकदोनदा टेप काढून बंद केलास. तू शाळेत गेलीस की मी चालू करायचो. एकदा चालू होईना, म्हणून नळी काढून झटकली."

"तुम्हीच चालू करायचात?" आता माझं तोंड उघडं राहिलं. "तुम्हाला तर मासा मरायला हवा होता!"

"आपणहून मरायला हवा होता. मारलेला चालत नाय. मी काय खाटीक आहे?"

स्पंज कोणी काढला ते मला तेव्हा कळलं. काका बोलतच होते, जरा हळू.

"आजारी मासासुद्धा द्यायला तयार नाय अशी ही बाई. तोंडावर फाडफाड बोलते. गोल्डफिश मागितला तर म्हैस म्हणते. ती माझ्याकडे पाठ करून खोटं बोलली. आणि माझी पोर, जिने लहानपणी कधी मुंगी मारली नाय, ती मासे गुदमरवायला निघाली. तेव्हा म्हटलं, दोघी एवढ्या बिघडल्यात म्हणजे डॉक्टर खरंच बोलत असणार. गेलो."

मेधा त्यांच्या पायाशी जाऊन बसली. काकांनी उशी बाजूला केली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या आईच्या वेळी मी डॉक्टरचं नीट ऐकलंच नव्हतं," ते म्हणाले. "मासे नव्हते म्हणून गेली, असं म्हटलं की बरं वाटायचं."

मी उठले. कोणासमोर रडायला मला आवडत नाही. डबा टाकीत हळूच कलता केला. लोच बाहेर आला, काचेला लागून एक फेरी मारली, करवंटीखाली शिरला आणि दिसेनासा झाला. मी नळीला नवा स्पंज लावला, या वेळी रबरबँड घालून. काका टॉर्च मागत होते. मेधाने तो दिला नाही.

तुमच्याकडे जागा कमी असेल आणि टाकी छोटी असेल, तर तळाशी राहणारे लाजाळू मासे जरूर ठेवा. मऊ वाळू घाला, लपायला जागा द्या, झाकण घट्ट लावा आणि नळीला स्पंज लावायला विसरू नका. मासा दिसत नाही म्हणजे मेला, असं धरून चालू नका. आधी फिल्टर उघडून बघा. घरावरच्या संकटाचं मात्र त्याला सांगू नका. त्यासाठी डॉक्टर आहेत.

मी निघाले तेव्हा काकांनी मागून हाक मारली.

"स्नेहल! पुढच्या वेळी खोटं बोलशील ना, तर पिशवीला गाठ नीट मार."

तेव्हापासून मी बॅगेत दोन पिशव्या आणि रबरबँडचं पाकीट ठेवते.